बत्ताशाची गुरगुर

"गुरगुरलं का न्हाई, तेवढंच सांग!" सर्जेराव ओरडत होता. "बाकी काय नगं मला. गुरगुरलं का न्हाई?"

अंगणात सकाळचं ऊन. त्याच्या हातात बंदूक — उसात रानडुकरं शिरतात म्हणून परवाना काढून घेतलेली. समोर त्याची अकरा वर्षांची मुलगी, सुनंदा. गालाला पट्टी, मनगटाला पट्टी. गोठ्यामागे लिंबाच्या झाडाला साखळीने बांधलेला कुत्रा, बत्तासा. आणि बंदूक व कुत्रा यांच्या मधोमध मी. हा प्रसंग मी नंतर शंभर वेळा रंगवून सांगितलाय — की मी छाती पुढे काढून नळीसमोर उभा राहिलो. खोटं. माझ्या हातात चहाची कपबशी होती आणि ती ठेवायला मी जागा शोधत होतो.

चावून दहा दिवस झाले होते. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते, कुत्र्याला मारू नका, दहा दिवस बांधून नजर ठेवा, जगला तर पिसाळलेला नाही. तोवर पोरीच्या पोटात रोज एक सुई. दहा दिवस सरले. कुत्रा जिवंत होता, भाकरी खात होता, पाणी पीत होता. तुम्हाला वाटेल, सुटला. पण सर्जेरावाचं गणित उलटं होतं.

"पिसाळल्यालं न्हाई, म्हंजे शाण्या डोक्यानं चावलंय!"

त्यांच्या घरात आजोबांपासून एक दंडक होता. सांगून चावणारं कुत्रं ठेवायचं, मुक्यानं चावणारं ठेवायचं नाही. गुरगुरून चावलं तर चूक माणसाची. न गुरगुरता चावलं तर जनावर घातकी, आणि घातक्याला गोळी. म्हणून सगळा निवाडा त्या एका प्रश्नावर येऊन थांबला होता.

"बोल की गं!"

"मला न्हाई ऐकू आलं, अप्पा."

"म्हंजे गुरगुरलं न्हाई?"

"मला न्हाई ऐकू आलं." परत तेच. ना कमी, ना जास्त.

सर्जेरावाने मान माझ्याकडे वळवली. "तू सांग रं, उस्ताद. तुजा शिष्य हाय ह्यो."

त्यावर मी जे बोललो ते तिथे जमलेल्या पाच-सहा जणांनी ऐकलं. पण बोलताना मला काय माहीत होतं — ते आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हाही मी दुसरंच काहीतरी मागितलं. ज्या माणसाचं तोंड जन्मभर बंद राहिलं नाही, त्याने एवढी एकच गोष्ट गिळून ठेवली. तुम्हाला सांगतोय. पण थेट तिथे जाता येत नाही मला. जरा मागून येऊ द्या.

आमचं गाव कृष्णाकाठचं, सातारा आणि सांगलीच्या मधलं. मी सैन्यातून सुटून आलो तेव्हा गावात रंगीत टीव्ही दोन आणि फोन एक होता, त्यामुळे करमणुकीची जागा रिकामी होती. ती मी भरून काढली. सैन्यात मी कुत्र्यांच्या पथकात होतो. मग काय विचारता! मी शिकवलेल्या एका कुत्र्याने बर्फाखाली गाडला गेलेला सुभेदार नुसत्या तपकिरीच्या वासावर शोधून काढला होता. आधी सुभेदार बाहेर आला की तपकिरीची डबी, हे मी ऐकणाऱ्याचं तोंड बघून ठरवायचो. दुसरा एक कुत्रा हिंदी आणि पंजाबी समजायचा, आणि चिडला की त्याला फक्त मराठी कळायचं. लोक हसायचे, आणि थोडं खरंही मानायचे. औंधपासून माणसं पिल्लं घेऊन यायची. मला 'उस्ताद' म्हणायची.

खरं सांगू? मी लांगरी होतो. म्हणजे आचारी. मोठ्या पातेल्यात कुत्र्यांचं मटण आणि दलिया शिजवायचो. साखळी कधी हातात घेतली नाही.

हाच तो गुन्हा, असं वाटलं ना तुम्हाला? तसं असतं तर बरं झालं असतं. पण हा नव्हे. हा तर मी हसत सांगू शकतो.

कारण उस्ताद मी खोटा असलो तरी विद्या खोटी नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शिकवणीचं मैदान दिसायचं, आणि तेरा वर्षं मी ती खिडकी सोडली नाही. तिथे एक हवालदार होते, पहाडातले, इतके हळू बोलायचे की त्यांचं आडनाव मला चार महिन्यांनी ऐकू आलं. त्यांनी कुत्र्यावर कधी हात उचलला नाही. पिल्लाने हवं ते केलं की लगेच तुकडा आणि गोड शब्द. नको ते केलं की — काहीच नाही. तोंड फिरवायचं, थोडं थांबायचं, परत पहिल्यापासून. आणि कुत्रा गुरगुरला तर हातातलं सोडून ते दोन पावलं मागे सरायचे. एकदा मी विचारलं, उस्तादजी, हे काय? आपण घाबरलो असं नाही का वाटत त्याला?

"बता रहा है, भाई," ते म्हणाले. "जिस दिन बताना बंद करेगा, उस दिन डरना."

हे मी ऐकलं होतं. हे मला ठाऊक होतं. एवढं ध्यानात ठेवा.

बत्तासा दिवाळीनंतर आला. दीड महिन्याचं पिल्लू, बत्ताशाच्या रंगाचं आणि तेवढंच ठिसूळ. सर्जेरावाला त्याचं नाव टायगर ठेवायचं होतं, पण सुनंदाने आधीच हाक मारून टाकली होती आणि ते आलंही होतं. पुढे त्या सहा फुटी माणसाला रानात उभं राहून "बत्तासाऽऽ" म्हणून बोंबलावं लागायचं. आजूबाजूचे बागायतदार बांधावर बसून हसायचे.

आमच्याकडे पिल्लू तिखट व्हावं म्हणून त्याचे कान कापतात. भाकरीत लाल मिरची घालतात. अंधाऱ्या खोलीत कोंडतात. सर्जेराव कात्री घेऊन आला होता, ती मी त्याच्या हातातून काढून घेतली. हे खरं आहे, यात एक अक्षर वाढवलेलं नाही. "कान कापून शाणपण येत असतं तर गावात निम्म्यांचे कापले असते," मी म्हणालो. सुनंदा खुदकन हसली. त्या दिवसापासून ती माझी शिष्या.

आणि काय शिष्या! मी सांगायचो आणि ती करायची. पिल्लू हाताला दात लावायला लागलं की 'आई गं' म्हणून हात काढून घ्यायचा आणि पाठ फिरवायची. चप्पल पळवली तर मागे धावायचं नाही, नारळाचं सोडण दाखवून अदलाबदल करायची. झोपून उठलं, खाऊन झालं, की उचलून बाहेर न्यायचं, आणि बाहेर मुतलं की राजाला मुलगा झाल्यासारखं कौतुक करायचं. उकडलेल्या अंड्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे ती फ्रॉकच्या खिशात ठेवायची. तिच्या आईने त्यापायी माझा उद्धार केला. तीन महिन्यांत कुत्रा शीळ घातली की येत होता, बस म्हटलं की बसत होता.

आणि एक धडा मी तिला सगळ्यात आधी दिला. हात लावायच्या आधी थांबायचं. ऐकायचं. गुरगुर आली तर हात मागे, राग धरायचा नाही, तो बोलतोय. गुरगुर नाही आली तर हात पुढे. ती अगदी श्वास रोखून ऐकायची. एवढंसं पोर, डोळे मिटून, हात अधांतरी — बघणाऱ्याला वाटावं की पूजाच चाललीय.

मग आषाढ जवळ आला, कुत्रा आठ-नऊ महिन्यांचा झाला आणि त्याला शिंगं फुटली. हे सगळ्याच कुत्र्यांचं होतं. पाय लांब होतात, अंगात वारं भरतं, स्वतःचं नाव विसरतं. कालपर्यंत ज्या टोपलीवर झोपलं तिलाच आज भुंकतं. बत्तासा हाक ऐकून माझ्याकडे असा बघायचा, जणू मी पत्ता विचारणारा परका माणूस आहे. आणि हलगी! हलगीचा आवाज आला की तो अंग चोरून गुरगुरायला लागायचा.

"उस्ताद, तुजं शाणं कुत्रं नापास झालं की रं," सर्जेराव म्हणायचा.

मला उपाय ठाऊक होता. उपाय म्हणजे धीर. हलगी चार बांध पलीकडे वाजवायची, इकडे तुकडा द्यायचा. तो निवांत खायला लागला की दुसऱ्या दिवशी एक बांध जवळ. गुरगुरला की मागे. दोन महिने, कदाचित तीन. एवढंच तर होतं. एवढंच.

पण मी न्हाव्याच्या दुकानात बसलो होतो. चार माणसं होती, पाचवा आरसा. कुणीतरी म्हणालं, सर्जेरावाचं कुत्रं हलगीला भितंय म्हणं. मी म्हणालो — कोण सांगतंय? ह्या बेंदराला बैलांच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं, हलगीच्या पुढं, दोरी न लावता चालवतो त्याला! न्हावी वस्तरा हवेत धरून म्हणाला, "आन् न्हाई चालला तर?" न्हाई चालला तर ही मिशी, ह्याच खुर्चीत, तू उतरवायची.

माझी मिशी तुम्ही पाहिली नाही. सैन्यातून मी दोनच गोष्टी आणल्या होत्या, एक ट्रंक आणि ती. बेंदराला अठरा दिवस होते.

पहिले काही दिवस मी नीट केलं. सुनंदा शाळेतून आली की आम्ही दोघं बांधावर. तिसरा बांध जमला. दुसऱ्या बांधावर तो गुरगुरला. मागे. परत पुढे. परत गुरगुर. रोज. गावात मला बघून लोक मिशीवरून बोट फिरवायला लागले.

आता मी जे लिहितोय ते लिहायला — थांबा — मी दोनदा उठून पाणी प्यालो.

पोर शाळेत असायची त्या वेळी, भर दुपारी, मी कुत्र्याला एकट्याला नेऊ लागलो. उसाच्या आड पंपाची खोली होती. आत एक पत्र्याचा डबा, तो हलगीसारखा बडवायचा. आणि एक सायकलची जुनी ट्यूब, दुमडलेली. गुरगुरला की नाकावर. एकच. मग डबा. गुरगुरला की नाकावर. कुत्र्याचं नाक किती नाजूक असतं हे मी लोकांना दहा मिनिटं सांगू शकत होतो. सांगतही होतो. तिथेच मारत होतो.

पहिल्या दिवशी तो केकाटला. दुसऱ्या दिवशी दारातच बसला, आत येईना, मी ओढला. चौथ्या दिवशी मी डबा बडवला आणि त्याच्या गळ्यात काहीतरी सुरू झालं — आणि मध्येच तुटलं. त्याने स्वतःच गिळलं ते. डोळ्यांची पांढरी कड दिसत होती, कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, जिभेने सारखं नाक चाटत होता. भीती सगळी होती तिथेच. फक्त आवाज गेला होता.

मला काय वाटलं, विचारा. वाईट वाटलं? नाही. मी खूश झालो. हुशार कुत्रं, म्हणालो, चार दिवसांत शिकलं.

"काका, बत्तासा आता गुरगुरत न्हाई!" सुनंदा धावत आली होती सांगायला. दुसऱ्या बांधावर, पहिल्या बांधावर, अगदी हलगीपाशी — गप्प.

"त्याची भीती गेली," मी म्हणालो.

बेंदराची मिरवणूक जोरात झाली. रंगवलेली शिंगं, झुली, घुंगुरमाळा, तालमीची हलगी, आणि त्या सगळ्याच्या पुढे दोरीशिवाय चालणारा बत्तासा. आजही गावातली म्हातारी माणसं सांगतात. मी स्वतः सांगताना त्याला मागच्या दोन पायांवर चालवलाय. प्रत्यक्षात तो जमिनीला पोट घासत, माझ्या टाचेला चिकटून, जिभेने नाक चाटत चालला होता. पण मिरवणुकीत कुत्र्याच्या शेपटीकडे कोण बघतं? मला खांद्यावर घेतलं होतं. सुनंदा टाळ्या वाजवत होती.

तीन आठवड्यांनी, श्रावणात, तालमीत हलगी वाजायला लागली. बत्तासा बैलगाडीखाली जाऊन बसला. सुनंदा त्याला धीर द्यायला गेली. तिने काय केलं हे तिने नंतर डॉक्टरांना, वडिलांना, सगळ्यांना एकाच शब्दांत सांगितलं, एकदाही फरक पडला नाही. ती गाडीपाशी बसली. थांबली. ऐकलं. गुरगुर आली नाही. म्हणून तिने हात पुढे केला आणि वाकली.

गालाला सात टाके. मनगटाला चार.

तर — ते अंगण. ती बंदूक. "तू सांग रं, उस्ताद."

माझ्यापुढे एक वाक्य होतं. 'सर्जा, त्याची गुरगुर मी मारून घालवली.' एवढंच. आणि नंतर स्वतःला मी पुष्कळ वर्षं समजावलं की मी जे खोटं बोललो ते कुत्र्याला वाचवायला बोललो. पण नीट बघा. त्यांच्या घरचाच दंडक होता, चूक माणसाची असेल तर कुत्र्याला गोळी नाही. खरं सांगितलं असतं तरी कुत्रा वाचत होता. चूक माणसाची आहे, तो माणूस मी आहे, कपबशी घेऊन उभा आहे. त्या वाक्याने कुत्राही वाचला असता आणि पोरही. मेला असता तो फक्त उस्ताद.

"गुरगुरला असणार," मी म्हणालो. "माझ्या हाताखालचं कुत्रं मुक्यानं चावत नसतंय. पोरीला ऐकू आलं नसंल."

नळी तशीच वर. मला वाटलं, पुरेसं नाही झालं. आणि मग मी — मग मी गोष्ट सांगितली. सैन्यात एक शिपाई होता, म्हणालो, त्याला तोफ ऐकू यायची पण मांजर ऐकू यायचं नाही. जाड आवाज कानात शिरायचा, बारीक बाहेरच्या बाहेर जायचा. एकदा त्याच्या पलंगाखाली मांजर व्यालं, सहा पिल्लं म्याव म्याव करतायत आणि हा आठ दिवस म्हणतोय, बराकीत एवढी शांतता कशी! लोक हसले. सर्जेरावसुद्धा हसला. नळी खाली झाली.

असा कुणी शिपाई नव्हता. मी तो तिथल्या तिथे बनवला, चहा गार होईपर्यंत.

फक्त सुनंदा हसली नाही. तिने पट्टी बांधलेला हात हळूच वर नेला आणि स्वतःचा कान धरून बघितला.

पुढच्या आठवड्यात सर्जेरावाने तिला मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. "तू बी चल, त्या शिपायाचं सांग त्यास्नी," म्हणाला. मी गेलो. नाही म्हणण्याचं काय कारण देणार होतो? एसटीत ती खिडकीशी बसली होती आणि दर थोड्या वेळाने एक कान तळहाताने बंद करायची, मग दुसरा. तपासून बघत होती.

दवाखान्यात काचेची खोली होती. तिला आत बसवलं, कानांवर ते मोठे हेडफोन चढवले. बाई म्हणाल्या, आवाज आला की बोट वर कर, कितीही बारीक असू दे. बाहेर बाकावर मी आणि सर्जेराव. काचेतून ती दिसत होती. डोळे मिटलेले, श्वास रोखलेला — तशीच, जशी मी तिला शिकवली होती. बोट वर जायचं. खाली यायचं. परत वर. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं आणि तिचं बोट वर जात होतं. अंगणात बंदुकीपुढे मला जितका घाम फुटला नव्हता तितका त्या बाकावर फुटला. प्रत्येक बोटागणिक वाटत होतं, आता सर्जेराव माझ्याकडे वळणार आणि विचारणार. एकदा तरी बोट वर जाऊ नये, एकदा तरी तिला ऐकू येऊ नये, असं मी मनात म्हणालो. होय. एका निरोगी पोरीचे कान खराब निघावेत म्हणून मी मिरजेच्या बाकावर बसून प्रार्थना केली. एवढा खाली मी गेलो होतो.

"कान उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगले."

"मग कुत्रं गुरगुरल्यालं कसं न्हाई ऐकू आलं हिला?"

डॉक्टरांना पुढचा पेशंट होता. त्यांनी कागदावर सही केली. "तेव्हा लक्ष नसेल तिचं. मुलंच ती."

सर्जेराव वळला. माझ्याकडे नाही. मुलीकडे. "बघ. ध्यान नव्हतं तुजं."

मी तिथे होतो. दोन हातांवर. अजूनही एक वाक्य बोलता आलं असतं. मी म्हणालो, चला, एसटी चुकंल.

त्यानंतर त्या घरात ते रुळूनच गेलं. दूध उतू गेलं, सुनीचं ध्यान नव्हतं. गणितात मार्क कमी पडले, ध्यान कुठाय हिचं. कौतुकाने म्हणायचे, रागाने म्हणायचे, पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणायचे. जिच्याएवढं कान देऊन ऐकणारं माणूस मी सैन्यात पाहिलं नाही आणि गावात पाहिलं नाही, त्या पोरीबद्दल. आणि ती मान डोलवायची. बत्तासा तिच्या घरी आणखी अकरा वर्षं जगला, गोठ्यामागे. ती भाकरी नेऊन लांब ठेवायची आणि परत यायची. हात लावला नाही.

मी आता सांगलीला, विश्रामबागेत मुलाकडे राहतो. सुनंदाला खंडाळ्याकडे दिली, तिला दोन मुली आहेत, घरी कुत्रं नाही. हे लिहून मन हलकं झालं असं लिहिणार होतो. झालेलं नाही.

एक राहिलं. मी त्या कुत्र्याची गुरगुर परत आणायचा प्रयत्न केला. कुणाला न सांगता, रोज जाऊन. जवळ जायचो, त्याने नाक चाटलं की लगेच मागे. कान मागे घेतले की मागे. तुकडा ठेवायचा आणि निघून यायचं. नाकावर मारून घालवायला चार दिवस लागले होते, ती परत आणायला पुढचा बेंदूर उजाडला. एका संध्याकाळी मी हात पुढे केला आणि बत्तासा गुरगुरला. माझ्यावर. पोटातून, चांगला लांबलचक. मी दोन पावलं मागे सरलो आणि मला रडू फुटलं. तसाच धावत सर्जेरावाच्या घराकडे गेलो. सुनंदा ओसरीवर वही मांडीवर घेऊन बसली होती. गालावरची खूण तेव्हा अजून तांबडी होती.

"सुने, बत्तासा गुरगुरला! आत्ता! चल, ये, तू ऐक."

तिने वहीतून मान वर केली नाही.

"नगं, काका. माझं ध्यान नसतंय."